बत्तीस रकान्यांचा कागद



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या ग्रंथपाल गुरुजींना मी शाळकरी वयात पाहिलं आहे. पुस्तक परत करायला गेलो की रजिस्टरात नोंद करता करता ते विचारायचे, “कोणाला वाचून दाखवलंस?” काय वाचलंस, आवडलं का, हे मागाहून. मी घरी आजीला वाचून दाखवायला लागलो तो या प्रश्नाच्या धाकाने. आजीला अक्षरओळख नव्हती. पण मी एखादी ओळ भलत्या जागी तोडली की तिच्या लगेच ध्यानात यायचं. “परत वाच,” म्हणायची. मी परत वाचायचो, आणि चूक सापडायची. पुढची सगळी वर्षं पोथ्या वाचण्यात गेली, तेव्हा आजीचा तो कान मला वारंवार आठवत राहिला.

वाचनालयाच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो ‘माणसांची साथ आणि मोठं काम’ असा. विषय फार ऐसपैस आहे. मी एकाच कामाबद्दल बोलेन. ते पुण्यात झालं, सत्तेचाळीस वर्षं चाललं, आणि त्यात राबलेल्या बहुतेकांची नावं आज कोणाला सांगता येणार नाहीत. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती हे ते काम.

आधी एक कागद डोळ्यांपुढे आणा. वरच्या ओळीत महाभारतातला एक श्लोक आहे, पण सलग लिहिलेला नाही. एका रकान्यात एक अक्षर. अनुष्टुभ छंदाची अक्षरं बत्तीस, म्हणून रकाने बत्तीस. वर जो श्लोक लिहिला आहे तो नीळकंठ या टीकाकाराच्या प्रचलित पाठातला. त्याच्या खाली एकाखाली एक वेगवेगळ्या पोथ्यांच्या नोंदी. एखाद्या पोथीत सतराव्या जागी निराळं अक्षर असेल तर ते सतराव्या रकान्यात लिहायचं. उजवीकडे रुंद जागा सोडलेली. पोथीत एखादा श्लोक जादा असला, ओळ गळालेली असली, तर त्याची नोंद तिथे. एका श्लोकाला असा एक कागद. आणि महाभारताला आपण लाखाचा ग्रंथ म्हणतो.

हे कागद भरणारे लोक कोण होते? संस्थेत रोज येऊन बसणारे शास्त्री आणि पाठभेद टिपणारे त्यांचे सहकारी. समोर शारदा लिपीतली, बंगालीतली, तेलुगूतली पोथी उघडलेली. अक्षर लावायचं, रकाना शोधायचा, लिहायचं. पुढचं अक्षर. ही माणसं विद्वान होती, पण त्या रकान्यात त्यांना स्वतःचं मत लिहायला जागा नव्हती. पोथीत ढळढळीत चूक दिसली तरी चूक म्हणूनच उतरवायची. चांगलं संस्कृत येणाऱ्या माणसाला हे किती अवघड जातं ते मी अनुभवाने सांगतो. हात आपोआप शुद्ध रूप लिहायला जातो. तो आवरावा लागतो.

या कामाची कल्पना मुळात पुण्याची नाही. मॉरिट्झ विंटरनिट्झ या पंडिताने १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीची गरज मांडली. युरोपातल्या विद्वत्संस्थांनी ती उचलून धरली, आणि हाइनरिख ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुन्याची काही पानं छापली. पुढे पहिलं महायुद्ध आलं. एकमेकांना पोथ्यांच्या नकला पाठवणारे देश एकमेकांवर तोफा डागू लागले आणि काम तिथेच राहिलं.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या नावाची संस्था सुरू झाली होती. वर्षभराने औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी महाभारताच्या आवृत्तीसाठी लाख रुपये देण्याचं वचन दिलं. पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादकाच्या नावाबरोबर, प्राचीन नमुन्यांवरून चित्रं काढणारे म्हणून त्यांचं नाव छापलेलं आहे. देणगीदाराचं नाव ग्रंथात असतंच, पण इथे ते काम करणाऱ्यांच्या ओळीत आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. त्यांचं वय तेव्हा एक्याऐंशी. हे काम पुरं झालेलं आपण पाहणार नाही हे त्या माणसाला पुरतं ठाऊक असणार.

पुढे पैसा कुठून कुठून आला त्याच्या तपशिलात जात नाही. एवढंच सांगतो की हैदराबादच्या निजामाची देणगीही त्यात होती, आणि तिच्यातून उभं राहिलेलं अतिथिगृह आजही त्याच्या नावानं ओळखलं जातं. महाभारतासाठी औंधचा ब्राह्मण राजा देतो आणि हैदराबादचा मुसलमान राजाही देतो. त्या काळात कोणाला यात नवल वाटलं नसावं, आज वाटतं.

सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट लोक सहसा सांगत नाहीत. १९२३ साली ना. बा. उत्गीकरांनी संपादित केलेलं विराटपर्व संस्थेने छापलं, पण कच्चा खर्डा म्हणून. देशोदेशीच्या अभ्यासकांकडे ते पाठवलं आणि चुका काढा म्हणून विनंती केली. नव्या संस्थेचं पहिलं मोठं काम, सगळ्यांचे डोळे लागलेले, आणि अशा वेळी अपुरं काम लोकांपुढे ठेवायचं. आपल्याकडे विद्वत्तेला एक सोवळं असतं. पूर्ण होईतो कोणी शिवायचं नाही. उत्गीकरांनी ते सोवळं सोडलं. आलेल्या सूचनांमधून एक गोष्ट ठळक झाली, ती म्हणजे या कामाला अजून पोथ्या हव्यात, आणि पद्धत आणखी काटेकोर हवी.

१९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रधान संपादक झाले. हा माणूस मुळात गणिती. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला संस्कृताकडे वळले, आणि तिथे त्यांचे गुरू होते हेच ल्यूडर्स. म्हणजे १९०८ साली गुरूने जी नमुन्याची पानं छापली, त्यांचा ग्रंथ करायचं काम पुण्यातल्या शिष्याकडे आलं. शिष्याने गुरूचा आराखडा जसाच्या तसा उचलला नाही. आधी माहितीचा पसारा पुरता मांडायचा ठरवला.

आदिपर्वाच्या दोनशे पस्तीस पोथ्या त्यांना ज्ञात होत्या. देवनागरीत एकशे सात, बंगालीत बत्तीस, ग्रंथ लिपीत एकतीस, तेलुगूत अठ्ठावीस, मल्याळममध्ये सव्वीस, नेपाळी पाच, शारदा तीन, आणि मैथिली, कन्नड, नंदिनागरी एकेक. त्यांतल्या साठ पाठनिश्चितीसाठी घेतल्या. आता विचार करा, एवढ्या लिप्या वाचणारा एक माणूस मिळेल? मिळाला तरी त्याचं आयुष्य पुरेल? शिवाय पोथी ही हवी तेव्हा मागवून घेण्याची वस्तू नाही. ती कोणाच्या तरी देवघरात रुमालात बांधलेली असते, दसऱ्याला तिची पूजा होते, घरातल्या म्हाताऱ्याचा तिच्यावर जीव असतो. मठाची असेल तर मठाधिपतीची परवानगी लागते. तिथे कायदा चालत नाही, ओळख चालते. अमक्याचे मेहुणे तमक्या संस्थानात कारभारी आहेत, त्यांच्याकडून पत्र जाईल, मग पोथी दिसेल.

म्हणून जिथे पोथ्या होत्या तिथे माणसं बसवली. बंगाली पोथ्यांचं काम रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात झालं. दक्षिणी लिप्यांतल्या पोथ्यांचं काम तंजावरला, सरस्वती महाल ग्रंथालयात झालं. हे ग्रंथालय भोसल्यांच्या तंजावर दरबाराचं, सरफोजी राजांनी वाढवलेलं. तिथले पंडित ग्रंथ लिपी वाचणार, अक्षरं त्याच रकान्यांच्या कागदावर येणार, आणि कागद पुण्याला येणार. पुण्यातल्या शास्त्र्यांनी तंजावरच्या पंडितांना बहुधा कधी पाहिलंही नसेल. पण दोघांचा कागद एकच, रकाने तेच. अनोळखी माणसांनी एकमेकांवर भरवसा ठेवावा यासाठी मला याहून साधी सोय माहीत नाही. स्वभाव जुळायची वाट पाहायची गरज नाही, फक्त सतराव्या अक्षराला दोघांनी सतरावं म्हणायचं.

एवढे कागद जमल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पाठ वेगळे असले तर कुठला खरा मानायचा? जास्त पोथ्यांत आहे तो? आपल्याला सभेतलं बहुमत सवयीचं आहे. पण पोथ्यांचं बहुमत फसवं असतं. एका चुकीच्या पोथीच्या पन्नास नकला झाल्या तर चूक पन्नास वेळा दिसेल, तिचा साक्षीदार मात्र एकच. सुकथनकरांची गणिती बुद्धी इथे उपयोगी पडली असं मला वाटतं. त्यांनी पोथ्यांची वंशावळ लावली. कोण कोणापासून निघाली, कोणाची कोणाशी सरमिसळ झाली. आणि त्यांच्या लक्षात आलं की उत्तरेकडच्या परंपरेत काश्मीरची शारदा पोथी सर्वांत विश्वसनीय, आणि दक्षिणेकडच्या परंपरेत केरळची मल्याळम पोथी. देशाची दोन टोकं. एक डोंगरांनी वेढलेलं, दुसरं घाटांच्या पलीकडे. मधल्या प्रदेशात पोथ्या एकमेकींत मिसळल्या, फुगल्या, भर पडत गेली. टोकांना ते कमी झालं. काश्मीरची भूर्जपत्रावरची जी शारदा पोथी सुकथनकरांनी फार मोलाची मानली, ती १८७५-७६ साली ब्यूलर या पंडिताने आणलेली, जीर्ण, तुकडे पडलेली.

आता पाहा. काश्मीरचा लेखनिक आणि केरळचा लेखनिक कधी भेटले नाहीत. एकाला दुसऱ्याची लिपी येत नव्हती. तरी एखाद्या जागी दोघांच्या पोथीत तेच अक्षर असेल तर ते दोघांना एकमेकांकडून मिळालेलं नाही, दोघांच्याही आधीच्या काळातून आलेलं आहे. या एका विचारावर आवृत्तीचा मोठा भाग उभा आहे. मी जेव्हा जेव्हा हे शिकवलं तेव्हा माझा आवाज चढला आहे, आजही चढतो आहे, त्याबद्दल क्षमा करा. दूर असलेल्या, परस्परांना न ओळखणाऱ्या दोन माणसांचं म्हणणं जुळतं तेव्हा त्याला जे वजन येतं ते एका चावडीवर बसलेल्या शंभर जणांच्या होकाराला येत नाही. म्हणून तर पुण्यातल्या पुण्यात बसून हे काम झालं नसतं. वेगळेपण गोळा करायला दूरदूरची माणसं जोडावी लागली.

१९३३ मध्ये आदिपर्व पुरं झालं आणि बरीच खळबळ उडाली. गणपतीने महाभारत लिहून घेतलं ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ती मूळ संहितेत नव्हती, परिशिष्टात होती. स्वयंवरात द्रौपदीने भरसभेत कर्णाला सूत म्हणून नाकारलं, तो प्रसंगही वरच्या मजकुरात नाही. पुढे सभापर्व अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादित केलं. त्यात वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मूळ संहितेतून खाली गेला. ज्यांनी कीर्तनात तो धावा ऐकून डोळे पुसले आहेत त्यांना हे लागणारच. मलाही लागलं होतं. मी विशीत होतो, आणि घरी आजीला हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

पण ‘खाली गेला’ म्हणजे काय, ते पान उघडून पाहिलं पाहिजे. पानाच्या वरच्या भागात संपादकांनी ठरवलेली संहिता. खाली बारीक टाइपात प्रत्येक पोथीतला प्रत्येक महत्त्वाचा पाठभेद, कोणत्या पोथीत आहे त्या खुणेसह. मोठे भाग असतील तर परिशिष्टात, तेही अक्षरशः, पाठभेदांसकट. काहीही फेकलेलं नाही. संपादक म्हणतो, मला हे मूळचं वाटत नाही. आणि त्याच श्वासात आपलं म्हणणं खोडून काढायला लागणारा सगळा पुरावा वाचणाऱ्याच्या हातात देतो. उद्या कोणी अधिक जाणता आला तर त्याने त्याच पानावरून वरचा पाठ खाली आणि खालचा वर करावा.

आणखी एक खूण आहे. संहितेत काही अक्षरांखाली नागमोडी रेघ ओढलेली दिसते. तिचा अर्थ, इथे संपादकाची खात्री नाही. मोठ्या विद्वानांनी, छापील ग्रंथात, मुख्य ओळीखाली आपल्या शंकेची रेघ ओढून ठेवली आहे. मी बरीच पुस्तकं संपादित केली, पण अशी रेघ ओढायची हिंमत मला फार उशिरा आली.

एकत्र काम करायचं म्हणजे एकमत करायचं, असं आपण धरून चालतो. समितीची बैठक घ्या, मतभेद मिटवा, ठराव एकमुखी करा. या आवृत्तीत मला नेमकं उलटं दिसतं. एकमत होणार नाही हे गृहीत धरून कागद आखला आहे. ज्याचं पटलं नाही त्याचं अक्षर पुसायचं नाही, त्याच्या नावाने खाली छापायचं. म्हणून माणसं टिकली. ज्या कामात आपला वेगळा पाठ जपला जाईल अशी खात्री असते तिथे माणूस आपली पोथी घेऊन येतो. जिथे ती पुसली जाणार असते तिथे तो रुमाल सोडतच नाही.

बाहेरचे मतभेदही लहान नव्हते. सिल्वँ लेवी हे फ्रेंच पंडित. त्यांचं म्हणणं, मूळ पाठ शोधायचा नाद सोडा, नीळकंठाचा प्रचलित पाठ छापा आणि बाकीचे पाठभेद खाली द्या. हे म्हणणं उडवून लावण्याजोगं नव्हतं. नीळकंठ म्हणजे कोपरगावच्या चतुर्धर घराण्यातला, सतराव्या शतकात काशीत बसून टीका लिहिणारा पंडित. त्यानेही नाना प्रांतांतल्या पोथ्या जमवून पाठ ठरवल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे पुण्याच्या आधी अडीचशेएक वर्षं एका गोदाकाठच्या माणसाने हेच करून पाहिलं होतं. आणि लेवींच्या आक्षेपात एक खरी गोष्ट होती. सुकथनकरांनी सिद्ध केलेली संहिता अक्षरशः तशीच असलेली एकही पोथी आज अस्तित्वात नाही. सुकथनकरांनी हे लपवलं नाही. आदिपर्वाच्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यांनी लेवींचा आक्षेप नोंदवून त्याला उत्तर दिलं. माझं मत विचाराल तर लेवींचा सल्ला सुरक्षित होता, सुकथनकरांचा मार्ग धोक्याचा होता, आणि धोका पत्करण्याजोगा पुरावा त्यांच्याकडे होता.

आणि मग नेपाळहून उत्तर आलं. आदिपर्व छापून झाल्यावर काही वर्षांनी काठमांडूचे राजगुरू हेमराज पंडित यांच्यामुळे एका फार जुन्या नेपाळी पोथीतले पाठ पुण्याच्या हाती आले. ही पोथी सुकथनकरांनी पाहिलेली नव्हती, आवृत्ती करताना वापरलेली नव्हती. ताडून पाहिलं तर त्यांनी प्रक्षिप्त ठरवून बाजूला ठेवलेले कितीतरी भाग त्या पोथीतही नव्हते. आदिपर्वाची उपलब्ध सर्वांत जुनी पोथी म्हणून त्यांनी तिच्यावर लेख लिहिला. राजगुरूंना हे सगळं करायची काही गरज नव्हती. पुण्यात कोणीतरी आपल्यासारखाच या ग्रंथापायी झिजतो आहे एवढं त्यांना पुरलं.

पर्वं वाटून दिली होती. विराटपर्व लाहोरच्या रघुवीरांकडे, उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार दे यांच्याकडे, सभापर्व येलला. आदि आणि आरण्यक सुकथनकरांनी स्वतः केली. १९४३ च्या जानेवारीत ते मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर व्याख्यानं देत होते. चार ठरली होती. तीन झाली. चौथं व्हायच्या आत, २१ जानेवारीला ते गेले. वय पंचावन्न. व्याख्यानाच्या व्यासपीठावर उभं राहिलं की मला ते न झालेलं चौथं व्याख्यान आठवतं. त्याचा मजकूर तयार होता.

काम थांबलं नाही. श्रीपाद कृष्ण बेलवलकर प्रधान संपादक झाले, पुढे १९६१ मध्ये प. ल. वैद्य. मधल्या काळात देश दोन झाला. विराटपर्व जिथे संपादित झालं ते लाहोर आणि उद्योगपर्व जिथे झालं ते ढाका, दोन्ही सीमेपलीकडे गेली. रघुवीर नागपूरला आले. दे यांनी पुढे द्रोणपर्वही केलं. रा. ना. दांडेकर, ह. दा. वेलणकर, रा. द. करमरकर, वा. गो. परांजपे ही माणसं एकेक पर्व पुरं करत गेली. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत आवृत्ती पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. एकोणीस खंड, एकूण बाराशे एकोणसाठ पोथ्यांचा धांडोळा. सुकथनकरांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती, भांडारकरांना एकेचाळीस. इतक्या वर्षांत माणसं बदलली, राज्य बदललं, पण कागद तोच राहिला म्हणून नव्याने आलेल्याला जुन्याचं काम पुढे नेता आलं. पुढच्याच वर्षी इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आलं. इरावतीबाईंनी आपल्या लेखनाला आधार घेतला तो याच आवृत्तीचा.

आता माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलायचा अधिकार नाही.

काही वर्षांपूर्वी मी एका मठाच्या कोठीची जुनी टिपणं संपादित करत होतो. एक फाटकं बाड, लेखनिक अनामिक. किती धान्य आलं, कोणत्या तिथीला काय शिजवायचं, असा मजकूर. जुन्या हस्तलिखितांत ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक पोटातल्या एका रेघेचा, आणि घाईतला लेखनिक ती रेघ कधी ओढतो, कधी ओढत नाही. एका जागी मी वाचलं, ‘दूध बैलावर ठेवावे’. वाक्य जरा अडखळलं, पण मला अर्थ लागला असं वाटलं. दूध बैलावर लादून मठाच्या दुसऱ्या स्थानी पाठवत असतील. त्यावर मी तळटीप लिहिली, पाऊण पानाची. मठांमधल्या वाहतुकीबद्दल. संदर्भ दिले. समाधान वाटलं.

मजकूर अक्षरजुळणीला गेला. जुळणी करणाऱ्या बाई सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “सर, एक विचारू का? राग मानू नका. ते बैल नसेल. वैल असेल.” मी गप्प. त्या पुढे म्हणाल्या, “आमच्या घरी चुलीला वैल होतं. मोठ्या तोंडावर भाकरी चालायची, आणि दूध वैलावर. मंद आचेवर तापत राहायचं, उतू जायचं नाही. आजी रोज म्हणायची, दूध वैलावर ठेव.”

मी बाड पुन्हा काढलं, भिंग लावलं. पोटात रेघ नव्हती. ‘व’ होता. मी ती रेघ मनाने ओढली होती.

शब्द मला माहीत नव्हता असं नाही. कोशात वाचलेला होता. पण माझ्या घरी गॅस होता, चूल मी पाहिली ती पाहुणा म्हणून. त्या बाईंच्या कानात तो शब्द आजीच्या आवाजात होता. तळटीप मी काढून टाकली, आणि नव्या टिपेत त्या बाईंच्या सांगण्यावरून पाठ ठरवला असं लिहिलं. नाव छापू का विचारलं तर त्या संकोचल्या. शेवटी ‘अक्षरजुळणी करणाऱ्या सहकारी’ एवढंच लिहू दिलं. मला ते अपुरं वाटतं, आजही.

तेव्हापासून मी कोणतंही काम छापायला देण्यापूर्वी किमान तिघांना वाचून दाखवतो, आणि त्यांतला एक तरी माझ्या विषयातला नसलेला असतो. सोपं नाही हे. लोक संकोचतात, ‘आम्हाला यातलं काय कळतंय’ म्हणतात. त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं की मला तुमचं मत नको, तुमचा कान हवा. कुठे अडखळलं तेवढं सांगा. आणि त्यांनी सांगितलं की वाद घालायचा नाही, समासात लिहून घ्यायचं. घरी गेल्यावर विचार करायचा. उत्गीकरांनी विराटपर्वाचा खर्डा जगभर पाठवला तो काही विनय म्हणून नव्हे, त्यांना दुसऱ्यांच्या डोळ्यांची गरज होती.

त्या आवृत्तीचा प्रवास अजून चालू आहे. शिकागोच्या व्हॅन बॉइटेनेन यांनी १९७० च्या दशकात तिच्यावरून इंग्रजी अनुवाद सुरू केला. आपल्याकडे बिबेक देबरॉय यांनी दहा खंडांत पुरा अनुवाद केला. जपानमधल्या मुनेओ तोकुनागा यांनी सगळी संहिता संगणकावर उतरवली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि आज ती कोणालाही मोफत पाहता येते. काश्मीरचा भूर्ज, तंजावरचं ताडपत्र, पुण्याचे रकाने, क्योतोचा संगणक. या साखळीतली बहुतेक माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत.

या सभागृहाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. गुरुजींच्या काळात गावातल्या घरांतून आलेली चौदा बाडं त्यात आहेत, काही मोडीत, काही बाळबोध. काल चिटणीसांनी मला ती दाखवली. एकाच्या पहिल्या पानावर बाळंतिणीच्या औषधांची यादी आहे, दुसऱ्यात वतनाचा तंटा. गुरुजींनी प्रत्येक बाडाला चिठ्ठी लावून ते कोणत्या घरून आलं ते लिहून ठेवलं आहे. वाचलं मात्र अजून कोणी नाही.

मी रविवारपर्यंत गावात आहे. सकाळी नऊ वाजता त्या खोलीत बसेन. मला मोडी वाचता येते, पण या भागातली औषधी झाडं, शेतांची जुनी नावं, नात्यांचे शब्द मला माहीत नाहीत. ते तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना माहीत आहेत. त्यांना घेऊन या. वाचता येत नसेल तरी आणा, मी वाचून दाखवेन. कोणाकडे फोनवर चांगले फोटो निघत असतील तर त्यानेही यावं. कागद मी आणतो. रकाने आखलेले.